त्यांना त्यातलं काही कळत नाही

मी काय काम करते हे सांगायची वेळ आली की मी घाई करते. ‘कम्प्युटरचं’ एवढं म्हणून विषय बदलते. लग्न होऊन खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातल्या या घरी आले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, “मतलब, रिपेअरिंगचं दुकान आहे का तुझं?” मी हो म्हणून मोकळी झाले. तसं ते अगदी खोटंही नव्हतं, कारण मी दुरुस्तीच करते. कम्प्युटरच्या तळाशी एक प्रोग्राम सतत चालू असतो. बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना मेमरी वाटून देणं, कुणी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे ठरवणं ही त्याची कामं. त्याला कर्नेल म्हणतात. त्यात कुठे भोक राहिलं तर बाहेरचा माणूस त्यातून शिरून अख्ख्या मशीनचा मालक होऊन बसतो. अशी भोकं शोधायची आणि बुजवायची, यावर माझं पोट आहे. कंपनी परदेशातली, टीममधली माणसं जगभर विखुरलेली, आणि मी इथे ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, खाली चपलांचं दुकान आणि वर आमचं घर अशा जागी, आतल्या खोलीत बसून काम करते.

त्या खोलीत माझ्याबरोबर माझे सासरे बसत. ‘बसत’ असं लिहावं लागतंय, आणि ते का, हेच सांगायचं आहे.

बाबा कोर्टात स्टेनो होते. न्यायाधीश बोलणार, बाबा लघुलिपीत टिपून घेणार, मग टाइप करून समोर ठेवणार, असा त्यांचा सगळा जन्म गेला. सासूबाई गेल्यानंतर दुपारचं काय करायचं हा त्यांना प्रश्नच पडायचा. सकाळी सराफ्यापर्यंत चक्कर मारून यायचे, पेपर वाचायचे, जेवायचे, की संपलं. नवरा दिवसभर बँकेत. एकदा उन्हाळ्यात दुपारची लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर माझ्याच खोलीतला पंखा तेवढा चालू राहिला, म्हणून ते खुर्ची घेऊन आत आले. मी अडकले होते आणि स्वतःशीच चिडून पुटपुटत होते. ते म्हणाले, “काय झालं, बेटा?” मी म्हटलं, “काही नाही, बाबा,” आणि मग उगीचच सगळं सांगत सुटले. निम्म्यात आले आणि माझी चूक मलाच दिसली.

आमच्या धंद्यात ही युक्ती जुनी आहे. कोडं सुटत नसेल तर ते कुणाला तरी मोठ्याने समजावून सांगायचं. समोरच्याला कळलं नाही तरी चालतं, कारण सांगताना आपल्यालाच कळत जातं. काही जण त्यासाठी टेबलावर रबराचं बदक ठेवतात आणि त्याला सांगतात. मला बदकाची गरज उरली नाही. बाबा रोज दुपारी चहाचे दोन कप घेऊन यायचे आणि मी सांगायला लागायचे. त्यांना कळावं म्हणून घरगुती उदाहरणं द्यायचे. दुवा सापडला की वाक्य तिथेच सोडून कीबोर्डकडे वळायचे. ते विचारायचे, “मग?” मी म्हणायचे, “एक मिनिट हं, बाबा.” ते मिनिट कधीच संपायचं नाही. इतक्या दुपारी मी त्यांना गोष्टी सांगितल्या, पण एकीचाही शेवट सांगितला नाही.

टीममध्ये मी याची मोठी गंमत करून सांगितली होती. माझं बदक आल्याचा चहा पितं, म्हटलं. सगळे खूप हसले. तेव्हापासून मीटिंगमध्ये कुणीतरी विचारायचंच, तुझं बदक आज काय म्हणतंय? एकदा बाबा मागेच बसले होते. हसणं ऐकून त्यांनी विचारलं, “काय हसून राहिले ग?” मी म्हटलं, “तुमची आठवण काढतायत.” तर ते उठून पुढे आले, शर्टाची कॉलर नीट केली आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. आता ते डोळ्यांसमोर आलं की कुठे तोंड लपवावं असं होतं. तेव्हा मात्र मीही हसले होते.

यंदा श्रावणात एक वाईट भोक माझ्या वाट्याला आलं. मी ते बुजवत होते, चाचणी लावत होते, आणि मशीन पुन्हा कोसळत होतं. माझी चिडचिड घरभर झाली. नवऱ्याने पोळी जाड झाली म्हटल्यावर त्याला म्हटलं, उद्यापासून स्वतः लाट. शेवटी दुपारी बाबांना समोर बसवलं.

“समजा, बाबा, एक धर्मशाळा आहे. मॅनेजरने एका माणसाला खोली दिली, किल्ली दिली. तो माणूस निघाला की मॅनेजर किल्ली परत घेतो आणि खोली दुसऱ्याला देतो. ठीक आहे न?”

“एकदम ठीक.”

“आता तो माणूस काउंटरवर निघायच्या गडबडीत आहे. नेमक्या त्याच वेळी त्याचा जोडीदार येतो नि म्हणतो, सामान राहिलंय वर, जरा किल्ली द्या. मॅनेजर एका हाताने खोली रिकामी झाली म्हणून लिहितो आणि दुसऱ्या हाताने किल्ली देऊन टाकतो. जोडीदार किल्ली घेऊन बाहेर फिरायला गेला. खोलीत नवीन माणूस येऊन राहिला, आपलं सामानसुमान लावलं. आणि किल्ली…”

“त्या बदमाशाच्या खिशात!”

“हो. तर मी काय केलं, निघणाऱ्या माणसावर पहारा बसवला. किल्ली दिल्याशिवाय जायचं नाही. पण तरी गडबड होतेच, कारण किल्ली जाते ती…”

इथे मी थांबले. पहारा मी चुकीच्या जागी बसवला होता. बाबांनी विचारलं, “मग?” मी म्हटलं, “एक मिनिट,” आणि पाठ फिरवली. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली होती. बाबा मधेच कधीतरी कप उचलून निघून गेले असावेत.

अशी दुरुस्ती झाली की ती लगेच जगाला सांगायची नसते. हे कर्नेल कुठे कुठे चालतं याला मोजमाप नाही. बँकांत, दवाखान्यांत, फोनमध्ये, सगळीकडे. दुरुस्ती तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि कुणी ती आधीच पाहिली तर भोक कुठे आहे हेही त्याला कळतं. म्हणून एक दिवस ठरवतात आणि त्या दिवसापर्यंत सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं असतं. ज्या कुणाला कळलंय त्याचं नाव कळवायचं, आणि हे गुप्त आहे असं त्या माणसाला स्पष्ट सांगायचं, असा नियम आहे. मला मेल आली, टीमबाहेर कुणाला सांगितलंय का? मी लिहिलं, कुणालाही नाही. लिहिताना मला जराही अडखळल्यासारखं झालं नाही. आणि बाबा माझ्या पाठीमागे गवार मोडत बसले होते.

गणेशोत्सवात आमच्या इथल्या मराठी मंडळात सत्कार असतात. यंदा संगणक क्षेत्रातली कामगिरी म्हणून माझं नाव काढलं. कामगिरी नेमकी कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं, पण परदेशी कंपनी म्हटल्यावर कुणी फार खोलात शिरत नाही. माझ्या मनात मात्र वेगळीच धाकधूक होती. माझं माहेर गावातल्याच बिर्लानगरचं, गिरणी कामगारांच्या वस्तीतलं. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आले, शिपाईगडी. मंडळात पुढच्या खुर्च्या असायच्या त्या दरबारी नि भिक्षुकी घराण्यांच्या. लहानपणी मी तिथे पाठांतराच्या स्पर्धेला जायचे. आई मागे भिंतीला टेकून उभी राहायची, खुर्ची रिकामी असली तरी. त्याच हॉलमध्ये आता मला शाल-श्रीफळ मिळणार होतं. मी इस्त्रीची साडी दोनदा इस्त्री केली.

शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो झाले. मग अध्यक्ष म्हणाले, सूनबाईंविषयी त्यांच्या सासऱ्यांनी दोन शब्द बोलावेत. बाबा उठले. मला वाटलं, दोन शब्द म्हणजे खरंच दोन शब्द बोलतील. आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं टिपणारा माणूस, स्वतः किती बोलणार?

“लोकहो,” बाबा म्हणाले, “आमची सूनबाई काय करते हे इथे कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही तिला शाल दिली, पण कशाबद्दल दिली ते पता नाही. मी सांगतो. समजा एक धर्मशाळा आहे.”

हॉल हसला. बाबा रंगात आले. मॅनेजर, काउंटर, गडबडीत निघालेला यात्रेकरू, सगळं त्यांनी उभं केलं. मॅनेजरचा आवाजसुद्धा काढला. मागच्या बायका पुढे सरकल्या. पहिलं थोडं मीही हसत ऐकलं, सासरे छान बोलतायत म्हणून. मग त्यांच्या गोष्टीत तो जोडीदार किल्ली मागायला आला आणि मी हातातला नारळ घट्ट धरला. ठरलेला दिवस अजून उजाडायचा होता. पुढच्या रांगेत इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक मान डोलावत होते. कोपऱ्यातल्या एक बाई मोबाइल वर धरून सगळं लाइव्ह दाखवत होत्या.

“आता पाहा,” बाबा म्हणाले, “सूनबाईने पहिले निघणाऱ्यावर पहारा बसवला. पण किल्ली तर देणाऱ्याच्या हातून जाते न? म्हणून तिने पहारा उचलला आणि किल्ली देणाऱ्याच्याच…”

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. सोडून दिलेल्या गोष्टीचा शेवट त्यांनी घरी बसून, पडल्या पडल्या, स्वतःच लावला होता, आणि तो तंतोतंत बरोबर होता. चुकीचं सांगत असते तर मी हसत बसून राहिले असते. ते बरोबर सांगत होते म्हणून मी उठले, तरातरा गेले आणि त्यांच्या हातातला माइक काढून घेतला.

“बाबांना त्यातलं काही कळत नाही हं,” मी म्हटलं. “ते आपलं काहीतरी सांगतायत. बसा, बाबा, तुम्ही.”

अख्खा हॉल खदखदून हसला. अध्यक्ष टाळी वाजवत म्हणाले, “सासऱ्याला गप्प करणारी सून आज पाहिली!” त्यावर आणखी हशा. बाबाही हसले. हात जोडून ‘माफ करा’ असं काहीतरी पुटपुटले आणि खुर्चीत जाऊन बसले. मी माइकवरून आभार मानले, नीट वाक्यं बोलले. नंतर त्या मोबाइलवाल्या बाईंना गाठून व्हिडिओ काढून टाकायला लावला. त्यांनी लगेच काढला. बाबांचं सगळ्या जन्मातलं एकमेव भाषण त्यात होतं.

मला सुरक्षेची काळजी होती, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. तसं असतं तर मी कानाशी जाऊन ‘बाबा, पुरे’ म्हणू शकले असते. नारळ हातातून पाडला असता तरी काम झालं असतं. मला त्या पुढच्या खुर्च्यांसमोर शहाणंही दिसायचं होतं. धर्मशाळा, मॅनेजर, किल्ली, हे असलं गावठी माझ्या शालीवर नको होतं. हे त्याच क्षणी माझ्या मनात होतं, आणि त्याची मला अजून शरम वाटते.

घरी आल्यावर चपला काढता काढता बाबांनी विचारलं, “मी काही गलत बोललो का, बेटा?”

“नाही, बाबा. बरोबर बोललात. म्हणूनच तर…” आणि मी त्यांना सगळं सांगितलं. ठरलेला दिवस, तोंड बंद ठेवायचा नियम, लाइव्ह व्हिडिओ. ते शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

“मग मला सांगायचं न, की हे गुप्त आहे म्हणून,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “मी फाशी कायम झाल्याचा निकाल टाइप करून घरी आलोय आणि तुझ्या सासूबाईंबरोबर बसून जेवलोय. तिला कधी कळू दिलं नाही. सुनावायच्या आधी एक शब्द कधी माझ्या तोंडून गेला नाही. तू मला एकदा म्हणाली असतीस तर बस होतं.”

मी म्हटलं, “लक्षात आलं नाही, बाबा.” हेच खरं होतं, आणि याहून वाईट उत्तर दुसरं नसेल. विसरले नव्हते मी. त्यांना सांगणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी टीमला कळवलं की माझ्या हातून गुप्तता मोडली आहे. उलट प्रश्न आला, कोणत्या भाषेत, कुठे, किती तपशिलात? मी लिहिलं, मराठीत, ग्वाल्हेरला, एका धर्मशाळेच्या गोष्टीतून. थोड्या वेळाने टीमच्या प्रमुखाचं उत्तर आलं: धोका नाही, तारीख तीच राहील. आणि खाली, बदक बोलायला लागलं की! मी त्याखाली हसरा चेहरा टाकला. तो चेहरा पाठवताना बाबा बाहेरच्या खोलीत देवापुढे निरांजन लावत होते.

ठरल्या दिवशी दुरुस्ती जगापुढे गेली. भोक कुठे होतं, कसं होतं, कुणी बुजवलं, सगळं कुणालाही वाचायला खुलं झालं. मी बाबांना सांगायला गेले, म्हटलं, आता तुम्ही कुणालाही सांगा, चौकात उभं राहून सांगा. ते म्हणाले, “अच्छा आहे.” आणि पेपर पुन्हा वर धरला.

त्यानंतर ते माझ्या खोलीत आले नाहीत. रागाने नव्हे. चहाचा कप दारातून देतात, “काम कर, काम कर,” म्हणतात आणि वळतात. मीच एकदा म्हटलं, या न, एका ठिकाणी अडकलेय. आले, बसले. मी बोलायला लागले तसे ते जमिनीकडे पाहत राहिले. ‘मग?’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी निम्म्यात थांबले, या वेळी उत्तर न सापडता.

मंडळातही ते आता क्वचित जातात. का, ते मला नवऱ्याकडून कळलं. “अरे, वहाँ सब उनको छेड़ते हैं,” तो म्हणाला. भेटेल तो ‘काय कम्प्युटरवाले, धर्मशाळा कशी चाललीय?’ असं विचारतो. कुणाच्या मनात वाईट नाही. पण कोर्टातला अर्ज असो की वारसाचा कागद, ज्यांच्याकडे सगळे विचारायला यायचे, ते आता कुणाला काही सांगायला लागले की बाजूचा कुणीतरी म्हणतो, सूनबाईंना विचारून घ्या आधी. आणि सगळे हसतात. बाबाही हसतात, मग जरा वेळाने उठून घरी येतात.

हे ऐकल्यावर मला दोन दिवस घास गोड लागला नाही. शेवटी मी ठरवलं. कोजागिरीला मंडळात सगळे दुधाला जमतात. तिथे उभं राहून सांगायचं की त्या दिवशी बाबांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं, कॉलेजातल्या प्राध्यापकांना लागलं नसतं ते त्यांनी कुणी न सांगता लावलं होतं, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. कसं सांगायचं ते मी मनात जुळवलंही. मग बाबांना विचारायला गेले, कारण यापुढे त्यांच्याबद्दल त्यांना न विचारता काही बोलायचं नाही, एवढं मी शिकले होते.

ते गच्चीत वाळत घातलेले कपडे काढत होते. माझं सगळं बोलणं होईपर्यंत हातातल्या शर्टाची घडी घालत राहिले.

“नको, बेटा,” ते म्हणाले.

“का पण? खरं आहे ते, बाबा.”

“खरं आहे. मला माहीत आहे, तुला माहीत आहे.” त्यांनी शर्ट माझ्या हातात दिला. “पण आता तू उभी राहून सांगितलंस तरी लोक काय म्हणतील? म्हणतील, सून किती भली, सासऱ्याचं मन राखायला बोलून राहिली आहे. टाळ्या तुलाच पडतील.”

मग ते दोरीवरचा पुढचा कपडा काढायला गेले. मी शर्ट घेऊन तिथेच उभी राहिले.